आईचा एकच डोळा आला होता

आमच्या घरात टॉवेल एकच होता. निळ्या पट्ट्यांचा. तो दारातल्या दोरीवर असायचा आणि पावसाळ्यात कधी पुरता वाळायचा नाही. आधी आई तोंड पुसायची, कारण तिला कंपनीची गाडी गाठायची असायची. मग वडील, मग मी. दुसरा टॉवेल परवडत नव्हता अशातला भाग नाही. दुसरा टॉवेल ही घ्यायची वस्तू आहे, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही मूळचे बीडकडचे. पिंपळे गुरवच्या एका गल्लीत पत्र्याच्या छताची खोली, बाहेर चार घरांत एक नळ. वडील चाकणला पत्रा दाबायच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. मी सहावीत असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. कसं झालं ते विचारायला चौकशीची माणसं आली, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "माझंच ध्यान नव्हतं." त्या एका वाक्यावर सगळं मिटलं. भरपाई मिळाली नाही, काम गेलं, आणि नंतर कितीतरी महिने त्यांना भाकरीचा तुकडा नीट मोडता यायचा नाही. पुढे ते एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाले. पण घर चालायचं ते आईवर. आणखी नेमकं सांगायचं तर आईच्या डोळ्यांवर.

चाकणजवळ निघोज्यात रबरी सील बनवणारी एक लहान कंपनी आहे. तिथे आई ठेकेदाराकडून तपासणीच्या टेबलावर होती. ट्यूबलाइटखाली सील बोटांवर फिरवायचं, त्यात चीर, बुडबुडा किंवा कडेला जादा रबर दिसलं की लाल क्रेटमध्ये टाकायचं. दिवसभर हेच. शाळा तिने चौथीनंतर पाहिली नव्हती, पण केसाएवढी चीर तिच्या नजरेतून सुटायची नाही. सुपरवायझर तिला गमतीने 'दुर्बीण' म्हणायचा. "दुर्बीण, हा लॉट तुम्ही बघा, गिऱ्हाईक लई कटकटं आहे." आई घरी येऊन हे सांगायची आणि मान थोडी वर करायची.

त्या डोळ्यांवर माझं कॉलेज झालं. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन मी बीएस्सी झाले. आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही घरांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणार.

ज्या वर्षी माझा निकाल लागला, त्याच पावसाळ्यात सगळीकडे डोळे आले. म्हणजे साथच आली. बसमध्ये जिकडे बघावं तिकडे काळे गॉगल. पिंपरी कॅम्पात कपड्यांच्या दुकानांबाहेरसुद्धा गॉगल टांगलेले. मेडिकलवाले "थेंब संपले, उद्या या" म्हणून पाट्या लावून बसलेले. ज्याचे डोळे आलेत त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, बघितलं की आपलेही येतात, असं सगळे एकमेकांना बजावत होते. आणि ते बजावताना त्याच माणसाच्या हातातून पैसे घेत होते, त्याच बसचा दांडा धरत होते.

आमच्या घरात आधी वडिलांचे आले. मग दोनच दिवसांत माझे. पाणी वाहतंय, पापणीखाली वाळू गेल्यासारखं टोचतंय, सकाळी पापण्या चिकटलेल्या. कानापुढे एक बारीक गाठ हाताला लागत होती. आईने आमच्या गावची रीत केली. सुती फडकं हळदीच्या पाण्यात बुडवून तिने आधी वडिलांचे डोळे पुसले, मग तेच फडकं माझ्याकडे आणलं.

"तेच नको, आई. त्यानेच पसरतं."

"तुझ्या पुस्तकात हळद न्हाई का?"

"हळद आहे. फडकं नाही."

"शिकवून ठेवलं मीच," आई वडिलांना म्हणाली, आणि फडकं धुवायला गेली. त्यावर आम्ही हसलोसुद्धा. घरात डोळे आले तरी घर हसत होतं, इतकी ती गोष्ट किरकोळ वाटत होती.

आमचे दोघांचे आठवडाभरात उतरले. त्यानंतर आईचा आला. आधी तिला दोन दिवस ताप होता. ओठाच्या कोपऱ्यावर पाण्याचे बारीक फोड उठले होते, ते तिला ताप आला की नेहमीच उठायचे. मग उजवा डोळा लाल झाला. "घ्या, आता माझी पाळी," ती म्हणाली. आम्हालाही तेच वाटलं. घरात दोघांचे आले होते, कंपनीत निम्म्या बायकांचे आले होते, तिचा न येऊन कसं चालेल?

आमचे दोघांचे दोन्ही डोळे आले होते. आईचा एकच आला होता. हे तिघांनाही दिसत होतं, पण कुणी त्याचा विचार केला नाही.

मी तिला गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर टेबलामागून उठलेच नाहीत. "साथ आहे," ते लांबूनच म्हणाले आणि थेंब लिहून दिले. मी विचारलं, "एकाच डोळ्यात आहे, सर." ते म्हणाले, "दुसऱ्यात येईल." त्यांचंही खरंच होतं, बहुतेकांना तसंच व्हायचं. बाहेर वीस माणसं लाल डोळे घेऊन बसली होती.

आई घरी थांबायला तयार नव्हती. निघोज्याला गेटवर सुपरवायझर टॉर्च घेऊन उभा राहायचा. "वर बघा. खाली बघा. जा आत." डोळा लाल दिसला की तिथूनच परत. ठेक्यावरच्या बाईला परत पाठवलं की त्या दिवसाची हजेरी नाही, आणि टेबलावर दुसरी बसली की आपली जागा राहील याची खात्री नाही. टॉर्चबद्दल मला माहीत होतं. टॉर्चच्या आधी काय चालतं, ते माहीत नव्हतं.

मला एवढंच दिसत होतं, की सकाळी निघताना आईचा डोळा लाल असतो आणि संध्याकाळी ती परत येते तेव्हा बऱ्यापैकी पांढरा असतो. बरं वाटायला हवं होतं. पण पांढरा असूनही तिला तो उघडता येत नव्हता. दारातल्या उजेडाकडे पाठ करून बसायची. पदर डोळ्यावर ओढायची. लाली कमी आणि दुखणं जास्त, हे मला काही केल्या जुळत नव्हतं. पदवी होती ना माझ्याकडे. डोळे येण्याची कारणं मी परीक्षेत लिहिली होती. विषाणूने आले तर पाणी वाहतं, जिवाणूने आले तर घट्ट पिवळा पू येतो, ॲलर्जीने आले तर खाज सुटते आणि ते दुसऱ्याला होत नाही. त्या प्रश्नाला मला चांगले मार्क पडले होते. पण आईची पापणी वर करून मी बघायचे तेव्हा मला फक्त आईचा डोळा दिसायचा.

शेजारीण नळावर म्हणाली, "लेक एवढी शिकलीय, मग सांगत का नाही काय झालंय ते?" मी घागर भरून निघून आले.

मग एका संध्याकाळी आई कामावरून आली. वडिलांनी चहा पुढे केला, तिने कपाच्या अलीकडेच हात नेला. हवेत. मग चाचपून कपाचा कान धरला. एक घोट घेऊन म्हणाली, "आज माझ्या टेबलावरून चिरलेला माल पुढं गेला."

वडील चहाचं भांडं ठेवून तिच्याजवळ येऊन बसले.

"क्रेट परत आला. सुपरवायझर म्हणला, दुर्बीण, काय झालं? चष्मा लागला का? समद्या हसल्या." तिने कप खाली ठेवला. "मला दिव्याभवती कडं दिसतंय. सील बी दोन दिसत्यात."

तिला रडताना मी फार थोड्या वेळा पाहिलंय. त्या दिवशीही ती रडली नाही. पाणी येत होतं ते एकाच डोळ्यातून.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीला जाऊ दिलं नाही. ओढतच पिंपरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. बसमध्ये ती पदराखाली डोकं घालून बसली होती. बाहेरचा उजेड लागला की कण्हायची. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाशी सौदा केला. मला नोकरी नाही मिळाली तरी चालेल, पण हिचा डोळा वाचू दे. देव अशा सौद्यात पडत नाही हे मला माहीत आहे, पण त्या बसमध्ये माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

डोळ्यांच्या विभागात रांग जिन्यापर्यंत होती. सगळे लाल. आमचा नंबर आला तेव्हा समोर माझ्याहून थोडी मोठी एक डॉक्टर होती, आवाज बसलेला. तिने आधी डोळ्याला हात लावला नाही, प्रश्न विचारले. कधीपासून? एकच का दोन्ही? पाणी का पू? खाज का दुखणं? उजेड सहन होतो का? घरात कुणाला? शेवटी आईच्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "ओठावर हे फोड नेहमी येतात?"

"ताप आला की येतात. लहानपणापासून."

डॉक्टरने मान डोलावली. मग तिने कापसाची बारीक वात ओढून तिचं टोक केसासारखं केलं आणि आईच्या डाव्या बुबुळाला कडेने लावलं. आईची पापणी फाडकन मिटली. मग उजव्याला लावलं.

पापणी हललीच नाही.

"लावला का वो?" आईने विचारलं.

एवढा दुखणारा डोळा, आणि त्याला स्पर्श कळत नव्हता.

मग यंत्रासमोर हनुवटी टेकवायला लावली. एक नारिंगी कागदाची पट्टी पापणीत टेकवली, डोळा पिवळा झाला. खोलीतला दिवा घालवून निळा उजेड सोडला. डॉक्टरने मला पण बघू दिलं, कारण मी सूक्ष्मजीवशास्त्राची आहे असं तिला दोनदा सांगितलं होतं. निळ्या काळोखात आईच्या बुबुळावर एक हिरवा डाग पेटलेला होता. त्याच्या एका बाजूला सुकलेल्या झाडासारख्या फांद्या फुटल्या होत्या. दुसऱ्या बाजूला फांद्या राहिल्याच नव्हत्या, सगळं पसरून नकाशासारखं झालं होतं.

"हे साथीचे डोळे नाहीत," डॉक्टर म्हणाली. "साथीचा विषाणू वेगळा. हा ओठावरच्या फोडांचा विषाणू दिसतोय, तो बुबुळावर उतरलाय. ही जखम आहे. पण ती इतकी पसरायला नको होती." ती आईकडे वळली. "मावशी, डोळ्यात काय काय घातलं?"

"त्या दवाखान्यातले थेंब."

"अजून?"

आईने पदर सारखा केला. "गुलाबपाणी."

"गुलाबपाण्याने असं होत नाही. मेडिकलमधून परस्पर काही आणलंय का? घातलं की लगेच लाली जाते असं?"

"न्हाई."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिली. मला खरंच काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "एवढी जखम म्हटल्यावर मला दुसरंही बघावं लागणार. त्यात जिवाणू, बुरशी काही शिरलंय का ते. खरवडून तपासायला पाठवते. हे थांबलं नाही तर मध्यभागी डाग राहील. मग चष्म्यानेही दिसणार नाही."

"फूल पडंल," आई हळूच म्हणाली. आमच्याकडे तसंच म्हणतात. गावात फूल पडलेल्या एक आजी होत्या, भिंत धरून चालायच्या. आम्हा दोघींच्याही डोळ्यांपुढे त्याच आल्या असणार.

बधिर करायचे थेंब घालून डॉक्टरने जखमेच्या कडेचं खरवडलं. थोडं काचेवर, थोडं जंतू उगवतात का बघायच्या प्लेटवर. ती लाल प्लेट मी कॉलेजात शेकडो वेळा हाताळली होती. तिच्यावर काही उगवलं की आम्ही आनंदाने सरांना दाखवायला धावायचो. आता मी तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, उगवू नकोस. काही उगवू नकोस.

मलम आणि गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. उद्या पुन्हा यायचं होतं.

संध्याकाळी निघोज्याची मावशी आली. ती आईच्या शेजारच्या टेबलावर बसते, त्या गावातल्याच जुन्या घरातली. कंपनी उभी राहिली ती तिच्या चुलत्याच्या रानात, आणि ती त्याच रानात आता सील तपासते. मेथीची जुडी घेऊन ती दोन बस बदलून आली होती. तिचेही दोन्ही डोळे पाणावलेले, लाल.

"काय गं दुर्बीण, आज दांडी? त्यो टॉर्चवाला इचारत व्हता. म्या सांगितलं, तिची लेक कलेक्टर झालीय, ती कशाला यील!"

आई हसायचा प्रयत्न करत होती. मावशी जवळ सरकली, कमरेचा बटवा सोडला आणि लाल झाकणाची एक इवलीशी बाटली काढली. "हे घे. आज तुझ्यासाठी मागून आणलीय. सकाळच्याला दोन थेंब घाल, गेटवर डोळा कसा पांढरा फेक दिसंल बघ. दुपारपत्तोर टिकतंय."

मी बाटली तिच्या हातातून घेतली. आई म्हणाली, "देऊन टाक ती." तिच्या आवाजावरून मला कळलं, ही बाटली तिने आज पहिल्यांदा पाहिलेली नाही.

बाटलीवरची अक्षरं मुंगीएवढी होती. मी दाराशी जाऊन वाचली. स्टिरॉइड.

"ही कुणाची आहे?"

"आमा समद्यांची," मावशी सरळ म्हणाली. "गाडीतून उतरलं की एक एक जण घालतो अन् मंग गेटला जातो. त्यात काय? मेडिकलवाला सवता द्येतो."

"एकच बाटली? सगळ्यांच्या डोळ्यांना?"

"टोक लावत न्हाई गं. लांबूनच सोडतो." मग म्हणाली, "घाईत लागतंय कवा कवा."

मी आईसमोर बसले. "तू डॉक्टरांना गुलाबपाणी म्हणालीस."

"मंग काय सांगू? सरकारी दवाखाना हाय. ते लिवून घेत्यात. कंपनीला कळलं तर ठेकेदार आख्खी लाइन बदलंल. हिला काढंल, मला काढंल, समद्यांस्नी काढंल. हिच्या घरी कोण हाय कमवायला?"

"तुझा डोळा चाललाय, आई."

"एक जाईल. एका डोळ्यानं बी सील तपासता येतं."

ती हे चिडून म्हणाली नाही. हिशेब करून म्हणाली. ते ऐकून मला ओरडायचं होतं. मावशीने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं आता संपलं, ही बाई हट्टाने आंधळी होणार आणि मी पदवीचा कागद घेऊन बघत बसणार.

तेव्हा वडील बोलले. ते कोपऱ्यात वॉचमनचा शर्ट घालत होते, ड्युटीला निघाले होते.

"मी बी असंच म्हणलो होतो," ते म्हणाले. "आठ बोटं ऱ्हायलीत म्हणून."

आईने वर पाहिलं.

"प्रेसला हात वाचवायचं गार्ड असतंय, ते काढलेलं होतं. माल लवकर निघावा म्हणून मशीन लावणाऱ्या सेटरनं काढलं, आम्ही समदे बघत होतो. त्याला दोन लेकरं होती. म्हणून मी म्हणलो, माझंच ध्यान नव्हतं." त्यांनी शर्टाचं बटण लावायला घेतलं. उरलेल्या बोटांनी त्यांना ते नेहमीच वेळ लागतं. "गार्ड तसंच ऱ्हायलं. दुसऱ्या साली आणखी एकाचा हात गेला. मला त्यो अजून दिसतोय बसस्टॉपला."

हे आम्हाला माहीत नव्हतं. आईलाही नाही. इतकी वर्षं त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तू गप बसलीस तर हिचं काय ऱ्हाईल?" त्यांनी मावशीच्या लाल डोळ्यांकडे बोट केलं. मग चपला घालून निघून गेले. गेट उघडायची वेळ झाली होती.

मावशीने मेथीची जुडी आईच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "उद्या म्या बी येतो दवाखान्यात. काम जायाचं तर जाऊ दे बया. डोळं गेल्यावर काम ऱ्हाऊन काय करू?"

दुसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आत आईने बाटली डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. "हे घालत होते. रोज सकाळी. दुपारी बी."

डॉक्टर रागावली नाही. तिने दीर्घ श्वास सोडला, जणू तीही रात्रभर यासाठीच थांबली होती. "याने लाली जाते, कारण डोळा लढायचा थांबतो. लढणारा थांबला की विषाणूला रान मोकळं. बाहेरून सगळं शांत दिसतं. गेटवरचा वॉचमन झोपला की कंपनीसुद्धा शांतच दिसते ना, तसं."

"आमच्या मालकास्नी सांगते हे," आई म्हणाली. "वॉचमनच हायेत ते." किती दिवसांनी तिच्या तोंडून असं काही आलं होतं.

मावशीलाही तपासलं. दोन्ही डोळे, पाणी वाहतंय, कानापुढे गाठ, बुबुळ स्वच्छ, कापूस लावताच पापणी मिटली. "हे साथीचेच," डॉक्टर म्हणाली. "तुम्हाला थेंबांची गरजच नाही. थंड पाण्याच्या घड्या, वेगळा रुमाल, आणि हात धुवायचे. आपोआप जातील." मावशीला ते पटेना. दवाखान्यात येऊन औषध न घेता परत जाणं तिला अपमानासारखं वाटत होतं. "काईतरी द्या की वो लिवून," ती म्हणत राहिली. एकाच बाटलीतले थेंब घातलेल्या दोघी, दोघींचे डोळे लाल, आणि दुखणी दोन वेगळी. टॉर्चच्या उजेडात ती सारखीच दिसत होती.

पुढचे दिवस सोपे नव्हते. बाटली बंद केल्यावर आईचा डोळा आधी आणखी लाल झाला. डॉक्टरने तसं होईल असं सांगितलं होतं, तरी मी घाबरले. दिवसातून पाच वेळा मलम. खिडकीला गोणपाट लावून खोलीत अंधार केला होता, त्यात आई भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा तिने विचारलं, "फूल पडलं तर मला आतून कळंल का?" मी म्हणाले, "नाही पडणार." हे मी कशाच्या आधारावर म्हणाले, मला माहीत नाही. मी दाराबाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं आणि पुसायला काही नव्हतं म्हणून तशीच उभी राहिले. तो निळ्या पट्ट्यांचा टॉवेल मी आदल्याच दिवशी फेकून दिला होता.

तिसऱ्या खेपेला प्लेटचा निकाल आला. काहीही उगवलं नव्हतं. जिवाणू नाही, बुरशी नाही. मी कागद हातात घेऊन बाकावर बसले आणि रडले. शेजारचा माणूस म्हणाला, "वाईट आहे का, ताई?" मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

त्यानंतर दर खेपेला निळ्या उजेडात तो हिरवा डाग मी मागून बघायचे. नकाशा आखडत गेला. मग एक रेघ उरली. मग एक दिवस डॉक्टरने पट्टी लावली, दिवा घालवला, आणि आतमध्ये काहीच पेटलं नाही.

कंपनीत मात्र सगळं गोड झालं नाही. मावशीने लाइनवर जाऊन बाटलीचं सांगितलं तेव्हा दोघी-तिघींनी आईला शिव्या घातल्या. बाटलीशिवाय त्या गेटवरून परत जात होत्या. एक जण अजूनही आईशी बोलत नाही. सुपरवायझरला भेटायला मी स्वतः गेले. मी म्हणाले, लाल डोळ्याची बाई घरी पाठवा, पण तिची जागा ठेवा, नाहीतर त्या लपवणारच. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण माझं कोण ऐकतंय, राव?" टॉर्च अजून तिथेच आहे. बाटली नाही. आता एखादीचे डोळे आले की ती घरी बसते, आणि मावशी तिच्या उंबऱ्याबाहेर भाजीभाकरी ठेवून लांबूनच हाक मारते.

आईला परत बोलावलं ते उपकार म्हणून नाही. तिच्या टेबलावर बसवलेल्या बाईच्या हातून चिरलेला माल पुढे जायला लागला आणि गिऱ्हाइकाने मालाची गाडीच परत पाठवली. मग सुपरवायझरचा फोन आला. पहिल्या दिवशी त्याने चांगली आणि वाईट सीलं एकत्र करून क्रेट पुढे ठेवला. "दुर्बीण, आधी बघू द्या, दिसतंय का." आईने डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि फक्त उजव्याने सगळा क्रेट निवडला. मावशी सांगते, एकही चुकलं नाही, आणि शेवटचं सील लाल क्रेटमध्ये टाकून आई त्याला म्हणाली, "आता तुमचा टॉर्च आणा."

बुबुळाच्या कडेला एक फिकट ठिपका राहिलाय, मध्यापासून लांब. ताप आला, ओठावर फोड उठले, की तिला लगेच दवाखान्यात जावं लागतं, आणि ती जाते. मी आता एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला आहे. तिथे प्लेटवर काय उगवलंय ते मी वाचते आणि सही करते. घरात तिघांचे तीन टॉवेल आहेत. आईचा उजवा डोळा वाचला, आणि ती आज कामावर आहे.